गळक्या छपरालाही अनुदान द्या

महोदय,
खासगी प्रतिष्ठाने शहरातल्या धार्मिक संस्थांना अनुदान देतात, ते बहुधा ठरावीक उपक्रमापुरते: अन्नवाटप, अभ्यासिका, बेघरांचा रात्रनिवारा. पण हे सगळे ज्या वास्तूत चालते तिच्या गळक्या छपरासाठी किंवा वीजबिलासाठी पैसे मागितले की हात आखडतो. हे मला मनापासून चुकीचे वाटते. छप्परच खाली आले तर पंगत मांडायची कुठे?

अमेरिकेत यावर विचार झाला आहे. इंडियानापोलिस येथे १९३७ मध्ये स्थापन झालेल्या लिली एंडाउमेंट या खासगी प्रतिष्ठानाच्या पैशातून २०१६ पासून जुन्या प्रार्थनास्थळांच्या दुरुस्तीसाठी देशव्यापी निधी चालतो. अनुदान घेणाऱ्या संस्थेनेही आपला वाटा उभा करायचा, अशी त्यात अट आहे. ती योग्यच, चार पैसे स्वतःचे घातले की वास्तूची काळजीही घेतली जाते.

एक गोष्ट मात्र खटकते. तिथे प्रतिष्ठानाला कोणाला किती दिले ते दरवर्षी विवरणपत्रात जाहीर करावे लागते, पण चर्चवर तशी सक्ती नाही. पैसा निघाला ते दिसते, पुढे कुठे गेला ते दिसत नाही. तेव्हा प्रतिष्ठानांनी, मग ती कुठल्याही शहरातली असोत, खर्चाचा हिशेब संस्थेच्या दारात फलकावर लावण्याची अट घालावी. लहान संस्थांकडे हे करायला माणूस नसतो, हे खरे. म्हणून हिशेबनिसाचे मानधनही अनुदानातच धरावे.

– एक वाचक