सोमवारी त्र्यंबक नको

रामकुंडाजवळ द्रोण-फुलं घेऊन बसणाऱ्या मावशींना,

नमस्कार. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. कुणीतरी वाचून दाखवेलच. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी सकाळी परभणीहून आलेली तीन माणसं आठवतात का बघा. काठी टेकत चालणारी म्हातारी, कानटोपीतला तिचा मुलगा आणि दोघांच्या पिशव्या सांभाळत मागे उभी राहिलेली सून. ती सून मी.

पहाटे नाशिकरोडला उतरलो तेव्हाच आमची निम्मी हवा गेली होती. स्टेशन नाशिकचं आहे म्हणजे रामकुंड हाकेच्या अंतरावर असणार, असं आमच्या ह्यांचं गणित. पंचवटी तिथून नऊ-दहा किलोमीटर! त्यात बाहेर येताच एक गाडीवाला मागे लागला. त्र्यंबक, वणीचा गड, पांडवलेणी, पंचवटी, सगळं एका दिवसात उरकून रात्रीच्या गाडीला आणून सोडतो म्हणाला. ह्यांनी खिशात हात घातलाच होता. सासूबाई म्हणाल्या, "आधी गंगेवर (म्हणजे गोदावरीवर). मग तुमचं काय ते." त्यांच्या हट्टामुळे वाचलो. सिटीलिंकच्या बसने निमाणीला उतरलो आणि विचारत विचारत घाटावर आलो.

तुमच्याकडून वीस रुपयांचा द्रोण घेतला. माझ्याकडे पाचशेची नोट होती. "राहू द्या, जाताना द्या," म्हणालात. मग विचारलंत, "आज कुठं कुठं?" ह्यांनी मोबाईलमधली यादी वाचून दाखवली. तुम्ही यादी ऐकताना बघत होतात सासूबाईंच्या गुडघ्यांकडे. आणि झेंडूची माळ ओवता ओवता, मान वर न करता सांगितलंत, "सोमवारी त्र्यंबक नको, मंगळवारी गड नको, बुधवारी इथं बाजार. म्हणून आज इथंच राहा, उद्या त्र्यंबक, परवा गड."

एवढ्या एका वाक्यात आमची सहल मार्गी लागली. सोमवार महादेवाचा, मंगळवार देवीचा, म्हणजे तिकडे रांगा. बुधवारी घाटावर आठवडी बाजार, म्हणजे तिकडे पाय ठेवायला जागा नाही. हे नाशिकच्या पोरासोरांना माहीत असेल. पण आम्ही पंधरा दिवस मोबाईलवर शोधाशोध करत होतो, आणि ठिकाणं कोणती ते सगळे सांगतात, कोणत्या वारी कुठे जाऊ नये ते कुणी सांगत नाही. त्र्यंबक शहरापासून तीसेक किलोमीटर, गड साठेक, आणि तोही भलत्याच दिशेला. त्या गाडीवाल्याचं ऐकलं असतं तर सासूबाईंना दिवसभर फक्त गाडीची काच दिसली असती.

दुसरं तुम्ही सांगितलंत ते सीतागुंफेचं. "आजींना आत नेऊ नका. वाकून, बसून सरकत जावं लागतं. बाहेर वडाखाली बसवा." मी आत जाऊन आले, तेव्हा पटलं. मला पस्तिसाव्या वर्षी जिथे धाप लागली तिथे त्या अडकल्या असत्या तर मागे ना पुढे. काळाराम मंदिर मात्र त्यांनी निवांत पाहिलं. हे शाळामास्तर, त्यामुळे 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांनी सुरू केलेला सत्याग्रह आणि दादासाहेब गायकवाड, हा सगळा धडा आम्हाला तिथे उभ्याने ऐकावा लागला. दुतोंड्या मारुतीपाशी तुमची आठवण निघाली. पुराचं पाणी त्याच्या कमरेला लागलं की आपण टोपली उचलायची, असं तुम्ही सांगितलं होतं.

मंगळवारी सीबीएसकडून एसटी धरली. सासूबाई शहात्तरच्या, त्यांना तिकीट नाही, मला अर्धं. आधार कार्ड वरच्या कप्प्यात ठेवा, ही सूचनाही तुमचीच. रांगेत तासभर गेला. आणि गाभाऱ्यापुढे आल्यावर मला तुमचं शेवटचं वाक्य आठवलं, "सरळ बघू नका, आरशात बघा." इतर देवळांसारखी तिथे वर आलेली पिंड नाहीच. खोलगट जागा आहे, तिच्यात अंगठ्याएवढी तीन लिंगं, ब्रह्मा-विष्णू-महेशाची. उंबऱ्यापासून नुसतं बघून काही कळत नाही, वर लावलेल्या आरशात दिसतं. पुढची माणसं माना उंचावून गोंधळत होती आणि पुढे ढकलली जात होती. सासूबाई थेट आरशाकडे बघून हात जोडून मोकळ्या झाल्या. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "तिन्ही दिसले गं."

गडाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे काही अडलंच नाही. दिंडोरीवरून जाताना दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, नांदुरीपासून घाट, आणि वर पाचशेच्या आसपास पायऱ्या असल्या तरी ट्रॉली आहे. तीही तुम्हीच सांगितलीत.

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. पांडवलेणी सोडा, तिथे नुसते दगड, असं म्हणाला होतात. गुरुवारी गेलोच. सासूबाई पायथ्याशी द्राक्षं खात बसल्या, आम्ही दोनशेएक पायऱ्या चढून गेलो. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम त्या आईने दगडात कोरून ठेवलाय. खाली येऊन ह्यांनी हे मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिच्या पोरानं काहीतरी केलं असंल बाबा." आणि पुढचं द्राक्ष तोंडात टाकलं.

तुमचे पैसे द्यायला बुधवारी संध्याकाळी गडावरून परत येताच घाटावर आले होते. पण तुम्ही म्हणालात तसंच, बाजार! तुमच्या जागेवर मेथीच्या जुड्यांचा ढीग आणि त्याच्या मागे एक अनोळखी बाई. द्रोणवाल्या मावशी कुठे विचारलं, तर तिने हात हवेत फिरवला, म्हणजे इकडेच कुठेतरी. दोन फेऱ्या मारल्या, नाही सापडलात. गुरुवारी रात्री गाडी होती.

ते वीस रुपये, दहा-दहाच्या दोन नोटा, पर्सच्या आतल्या कप्प्यात वेगळे ठेवलेत. सासूबाई अधूनमधून विचारतात, खर्च तर नाही ना केलेस म्हणून.

तुमची,
परभणीची सून