हुशार मुलांनी वर्गात नुसतं बसून राहायचं का?

मा. संपादक,
स. न.

सगळ्या शाळांना एकच अभ्यासक्रम आणि एकच वेळापत्रक हवं, असं कालच्या अग्रलेखात आपण ठासून लिहिलंत. मागे पडणाऱ्या मुलांची काळजी मलाही आहे. नोकरीत असताना त्यांच्यासाठीच मी जादा तास घेत असे. पण भराभर पुढे जाणाऱ्या मुलांचं काय? त्यांच्यावर आपण एक ओळही खर्च केली नाहीत.

माझी नात सहावीत आहे. गणिताचं पुस्तक तिनं दिवाळीआधीच संपवलं. शाळेच्या वाचनालयात आठवीचं गणित मागायला गेली, तर 'हे कपाट तुमच्या वर्गाचं नाही' म्हणून परत पाठवलं. पालकसभेत तिच्या आईला सांगितलं, घरी पुढचं शिकवू नका, ती वर्गात शंका काढते आणि पोर्शन मागे राहतो. आता तिनं हात वर करणंच सोडलंय. बाईंवर माझा राग नाही. वर्गात साठ मुलं, अमुक तारखेला अमुक धडा संपलाच पाहिजे, त्या तरी कुणाकुणाकडे बघणार? पण पुस्तकाच्या कपाटाला कुलूप घाला, असं कोणत्या अभ्यासक्रमात लिहिलंय?

आणि हे बडोद्यात घडावं! सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्याच महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डनसाहेबांना आणून ग्रंथालयं उभी केली, पेट्या भरभरून पुस्तकं खेड्यापाड्यांत पाठवली आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडलं. सर्वांसाठी शाळा काढल्या म्हणून एकट्या बुद्धिमान तरुणाकडे त्यांनी पाठ फिरवली नाही. आज मात्र १९६३ पासून चालत आलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षासुद्धा २०२१ नंतर थांबली आहे. विशेष गती असलेल्या मुलांना नेहमीच्या अभ्यासक्रमापलीकडे नेण्याचं २०२० च्या शैक्षणिक धोरणात लिहिलेलं आहे. ते अमलात कधी येणार, हे आपण शिक्षण खात्याला विचारा.

जाता जाता आणखी एक. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी गणिताची कोडी येत असत. नात ती कापून वहीत चिकटवायची. ती जागा आता क्लासेसच्या जाहिरातींनी घेतली आहे. कोडी पुन्हा सुरू करा, आणि उत्तरं त्याच अंकात उलटी छापू नका. पुढच्या रविवारी द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
दांडिया बाजार, बडोदे