मॉरिशसमधल्या वाक्वाच्या नौदल रेडिओ स्थानकाचा ठेवा वाचवण्यासाठी आवाहन

समस्त मराठी बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

वादळांचा मोसम नोव्हेंबरात सुरू होतो. मंडळाच्या संग्रहाच्या खोलीचं छत त्याआधी दुरुस्त झालं नाही, तर ‘एच.एम.एस. मॉरिशस’ या ब्रिटिश नौदलाच्या जुन्या रेडिओ स्थानकाचे रिसीव्हर, टेलिप्रिंटर आणि कागदपत्रं येत्या पावसात हाती राहणार नाहीत. गेल्या वर्षीच्या पत्रातही हेच कळवलं होतं. उत्तरं फार थोडी आली, आणि ‘इंग्रजांच्या तारायंत्राशी मराठी मंडळाचा काय संबंध?’ असंही ऐकायला मिळालं. ते मनाला लागलं. म्हणून पैशाचं बोलण्याआधी संबंध काय ते सांगतो.

१९५७ मध्ये ब्रिटनने त्रिंकोमालीचा नाविक तळ सिलोनच्या हवाली केला. हिंदी महासागरातल्या जहाजांशी संपर्क ठेवायला दुसरी जागा लागणार होती, ती आपल्या वाक्वात मिळाली. १९६२ मध्ये स्थानक सुरू झालं. जमिनीवरच्या तळालाही जहाजाचं नाव द्यायची रॉयल नेव्हीची पद्धत, म्हणून ते ‘एच.एम.एस. मॉरिशस’. समुद्रातल्या जहाजाने उत्तर दिलं की शत्रूला त्याचा ठावठिकाणा लागतो. त्यामुळे किनाऱ्यावरून क्रमांक घातलेले संदेश एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर पाठवत राहायचे आणि जहाजाने काही न बोलता आपल्या नावाचे तेवढे उतरवून घ्यायचे, अशी रीत होती. मधला क्रमांक गाळला गेला की संदेश हुकल्याचं ऑपरेटरला लगेच कळायचं. दिवसा वरच्या शॉर्टवेव्ह लहरी चालतात. रात्री त्या आयनावरणातून (हवेच्या वरच्या विद्युतभारित थरातून) परत फिरत नाहीत, तेव्हा खालच्या लहरींवर यावं लागतं. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर लांब लांब ठेवायचे, कारण शेजारी काही किलोवॅटचा ट्रान्समीटर चालू असेल तर दूरच्या जहाजाचा क्षीण आवाज त्यात गडप होतो. आधी सगळं मोर्समध्ये, पुढे टेलिप्रिंटरवर.

ऱ्होडेशियाचं (आजच्या झिम्बाब्वेचं) तेल अडवायला १९६६ ते १९७५ या काळात ब्रिटिश जहाजं मोझांबिकच्या बैरा बंदरासमोर गस्त घालत होती. वाक्वापासून ते अंतर सुमारे २,४०० किलोमीटर, म्हणजे याच स्थानकाच्या टापूत. १२ मार्च १९६८ ला आपण स्वतंत्र झालो, तरी संरक्षण करारामुळे स्थानक चालूच राहिलं. फेब्रुवारी १९७५ च्या जर्वेझ वादळाने बेट झोडपलं. त्याच सुमारास ब्रिटनने संरक्षण खर्चात कपात केली आणि थोड्याच काळात तळ बंद झाला. या इतिहासाला जोडून दिएगो गार्सियाचा फलक आम्ही लावणारच आहोत. १९६५ मध्ये ब्रिटनने चागोस बेटं आपल्यापासून तोडली, तिथल्या माणसांना घरातून काढून इथे पोर्ट लुईला आणून टाकलं, आणि त्यांतल्याच दिएगो गार्सियावर १९७३ मध्ये अमेरिकन नौदलाचं संदेशवहन केंद्र उभं राहिलं. हे गाळून नुसती यंत्रं मांडणं मंडळाला मान्य नाही.

आणि स्थानक काही फक्त गोऱ्या खलाशांनी चालवलं नाही. वर्कशॉप, स्वयंपाकघर, गाड्या, कचेरी, एरियलच्या तारांखालचं रान साफ ठेवणं, यात वाक्वाची माणसं होती, आपल्या घरांतलीही होती. त्यांची नावं इंग्लंडमध्ये कोणी जपून ठेवणार नाही.

आजवर जे उभं राहिलं ते ज्यांच्यामुळे, त्यांचे ऋण मोठे आहेत. कै. अण्णांनी सभागृहाची मागची खोली या कामाला मिळवून दिली आणि शेवटपर्यंत तिचं वीजबिल स्वतः भरलं. वर्कशॉपमधल्या काकांनी बी-४० रिसीव्हर इतकी वर्षं कपाटात, आत बारीक दिवा पेटता ठेवून सांभाळला. वाक्वाच्या हवेत त्याची पत्र्याची पेटी गंजली नाही ती त्या दिव्याच्या उबेमुळे. कास्काव्हेलच्या काकींनी यजमानांचा फोटो लावलेला गेटपास आणि पगाराच्या चिठ्ठ्या दिल्या. पासावरचा शिक्का अजून निळा दिसतो. पुण्याच्या एका दाम्पत्याने पसोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) हुडकून, एकेकाचं मूल्य लिहून, स्वतःच्या सामानातून आणले. तरुण मंडळींनी गणेशोत्सवाच्या धावपळीतही पहिलं प्रदर्शन मांडलं. या सर्वांचं मंडळ कायम ऋणी आहे.

आता दुरुस्तीचं. मर्फी कंपनीचा बी-४० सुमारे ६४० किलोहर्ट्झपासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि एकट्याने उचलवत नाही. कृपा करून कोणीही तो थेट २३० व्होल्टला जोडू नये. मेण-कागदाच्या जुन्या कपॅसिटरमध्ये ओल शिरली की आधीच्या व्हॉल्व्हचा (आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळीचा) डीसी दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, म्हणजे आतल्या नियंत्रक जाळीवर, झिरपतो, आउटपुट व्हॉल्व्ह लाल होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. व्हॉल्व्ह पुन्हा मिळेल, तो ट्रान्सफॉर्मर मिळणार नाही. म्हणून आधी कागदी कपॅसिटर बदलायचे. मग फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर मध्ये रेझिस्टर घालून हळूहळू चार्ज करायचे, मूल्य वाढलेले कार्बन रेझिस्टर मोजून काढायचे, बँड बदलणाऱ्या ड्रमचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे (पॉलिश पेपर अजिबात नको, चांदीचा मुलामा जातो), आणि शेवटी ६० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्यायची. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर लगेच बंद. क्रीड कंपनीच्या टेलिप्रिंटरमधलं तेल सुकून डिंकासारखं झालंय, त्यामुळे वेग आवरणारा गव्हर्नर अडकतो, मोटरचा वेग बिघडतो आणि ५० बॉड वेगाच्या संदेशात अक्षरं चुकीची छापली जातात. त्याला पूर्ण खोलून धुणं हाच उपाय, आणि ८० व्होल्टचा दुतर्फी (अधिक-उणे) लाइन सप्लाय नव्याने बांधायचा आहे.

हवं ते असं: छताचे पत्रे व गळती बंद करणे ४५,००० रुपये, दमट हवा काढणारं यंत्र १८,०००, स्कॅनर व निगेटिव्हची जोड १२,०००, सुटे भाग व तेल-ग्रीस ९,०००, आम्लविरहित पाकिटं, पेट्या व सिलिका जेल ६,०००, एकूण ९०,००० मॉरिशस रुपये. देणगी सभागृहात खजिनदारांकडे रविवारी सकाळी ९ ते ११, पावती घ्यावीच. महाराष्ट्रातल्यांनी पैसे पाठवण्यापेक्षा लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेतून ०.०१ आणि ०.१ मायक्रोफॅरॅडचे ६३० व्होल्टचे पॉलीप्रॉपिलीन कपॅसिटर (प्रत्येकी ३०) आणि १/२ व १ वॅटचे रेझिस्टर येणाऱ्या पाहुण्याबरोबर पाठवले तर जास्त उपयोग होईल. व्हॉल्व्ह असल्यास आधी नंबर कळवा, नुसते गोळा करून पाठवू नका. फोटो, पास, पत्रं स्कॅन करून त्याच दिवशी परत मिळतील. फोटोमागे पेनाने काही लिहू नये, अल्बमला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, अल्बमसकट आणावा. स्थानकात काम केलेले आजी-आजोबा घरी असतील तर त्यांचं बोलणं नोंदवायला आम्ही घरी येऊ. हे काम छतापेक्षाही तातडीचं आहे. छताचे पत्रे १५ ऑक्टोबरपूर्वी घ्यावे लागतील, त्यामुळे निदान छतापुरती रक्कम सप्टेंबरअखेर जमा व्हावी.

कळावे,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने