स्वारगेटला बस बदलायची

पुणे, रविवार

प्रिय बयो,

उत्तराला महिना लावला, घाल शिव्या. तू विचारलंस ना, मावशींनी कोथरूडचं काम धरलं का म्हणून? नाही धरलं. आणि मी शहाणी त्यांना सांगत होते, 'घ्या की हो, स्वयंपाकाचं आहे, भांड्यांपेक्षा बरं!'

परवा त्यांनी ओल्या बोटाने ओट्यावरच हिशेब मांडला. सकाळच्या स्वयंपाकाचे ४,५०० मिळणार. अप्पर इंदिरानगरहून स्वारगेट, तिथे बस बदलून कोथरूड. पीएमपीचा महिन्याचा पास २०२५च्या जूनपासून ९००चा १,५०० झालाय. जाण्यायेण्यात तीन तास, म्हणजे सहकारनगरातली दोन घरं सोडायची, ते २,४०० गेले. "उरले किती? सहाशे." मग फडक्याने ओटा पुसला, हिशेबासकट.

"आणि ताई, गावाला जायला अर्धं तिकीट, कामाला जायला पुरं!" खरंय गं. एसटीत २०२३च्या मार्चपासून बायकांना निम्मं भाडं आहे, पीएमपीत नाही. त्या गावाला जातात वर्षातून दोनदा, कामाला रोज.

म्हणून सगळी पायपीट. सकाळी सहाला अप्परहून निघतात, पाऊण तास चालत. संध्याकाळी मात्र लांबचा रस्ता धरतात, कारण जवळच्या गल्लीत दिवे नाहीत. साडेअकरा ते दोन कुठलंच घर नसतं, तेव्हा अरण्येश्वराच्या देवळात बसतात. त्या वेळात पाणी पीत नाहीत. का, तर आमच्या सोसायट्यांत बाथरूम कुणाचं वापरायचं? दहा वर्षं त्या माझ्याकडे येतात आणि हे मला परवा कळलं.

या कामात बढती म्हणजे काय, तर केर-फरशी, मग भांडी, मग पोळ्या, असं मी समजत होते. त्यांचं गणित वेगळंच आहे. "एका बिल्डिंगीत चार घरं मिळाली की जिंकलं." पायऱ्या पगाराच्या नाहीत, अंतराच्या आहेत. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता, २००८ला घरेलू कामगारांच्या मंडळाचा कायदाही झाला. मी मोठ्या उत्साहाने नोंदणीचं काढलं, तर म्हणाल्या, त्यात अर्धा दिवस जातो, आणि अर्धा दिवस म्हणजे दोन घरांची बोलणी खायची.

आता गंमत ऐक. आमच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर पोळ्यांना बाई हवीय. मी उड्या मारत मावशींचं नाव सांगायला गेले. त्या बाईंनी विचारलं, "तुमच्या त्या भांडीवाल्या ना?" मी हो म्हटलं. मग जरा थांबून, "नाही म्हणजे, आडनाव काय त्यांचं?"

मी म्हटलं, पोळ्या मऊ करतात.

उद्या सांगते म्हणाल्या. कळवीनच. तुझ्या गुडघ्याचं काय ते लिही.

तुझीच