थायरॉइडची गोळी परस्पर बंद करण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) नॉर्मल आला, आता गोळी कशाला?’ असे म्हणून माझ्या धाकट्या बहिणीने दिवाळीनंतर थायरॉक्सिन (थायरॉइड ग्रंथी कमी पडते तेव्हा तिच्या संप्रेरकाची भरपाई करणारी गोळी) परस्पर बंद केले. पहिले काही आठवडे काहीच जाणवले नाही, त्यामुळे तिचा निर्णय आम्हालाही पटू लागला. परंतु हे औषध शरीरातून निम्मे कमी व्हायलाच सुमारे ७ दिवस लागतात आणि म्हणून उणीव उशिरा, हळूहळू उघड होते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. संक्रांतीपर्यंत तिला सतत थकवा, बद्धकोष्ठता आणि चेहऱ्यावर सूज, असा त्रास सुरू झाला. अहवाल नॉर्मल येतो तो बहुधा गोळीमुळेच, एवढे तरी पहिल्या भेटीत रुग्णाला समजावून सांगितले जावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गोळी कधीच थांबत नाही, असेही नाही. बाळंतपणानंतर उद्भवलेला किंवा अगदी सौम्य दोष असेल, तर डॉक्टर मात्रा कमी करून ६ ते ८ आठवड्यांनी पुन्हा रक्ततपासणी करून पाहू शकतात. गर्भवतीने मात्र हा प्रयोग स्वतःहून मुळीच करू नये, कारण सुरुवातीच्या महिन्यांत बाळ आईच्याच थायरॉक्सिनवर अवलंबून असते.

– एक वाचक, सातारा