गॅसचा प्रकल्प तुमचा, मग जोखीम आमच्या बिलावर का?

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
वीज कंपनी
(मार्फत : स्थानिक उपविभागीय कार्यालय)

विषय : नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या प्रस्तावित वीज प्रकल्पाबाबत तक्रार व त्याच्या खर्चाबाबत लेखी खुलासा मिळणेबाबत.

महोदय,

रावेर तालुक्यात माझी केळीची बाग आहे आणि गावालगत केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर आहे. घर, शेतपंप आणि चेंबर अशी तीन मीटरं माझ्या नावावर आहेत. तिन्हींवर थकबाकी नाही. हे आधीच लिहितो, कारण तक्रारीचा कागद टेबलावर गेला की पहिला प्रश्न थकबाकीचाच येतो.

गेल्या बिलासोबत तुमचं रंगीत पत्रक आलं. त्यावर केळीची बाग, मागे निळं आकाश, आणि 'स्वच्छ इंधन, अखंड वीज' असं लिहिलेलं. (फोटोतली केळी आमच्याकडची ग्रँड नैन जातीची दिसत नाही, पण ते असो.) प्रकल्प किती मेगावॅटचा ते ठळक छापलंय. त्या विजेचं एक युनिट ग्राहकाला कितीला पडणार, गॅस कुठून येणार, किती वर्षांच्या कराराने येणार, याबद्दल पत्रकाच्या दोन्ही बाजूंना अवाक्षर नाही. माझी तक्रार एवढ्याचीच आहे.

गॅसच्या नावाने मी बोटं मोडत नाही. दीपनगरच्या कोळशावरच्या वीज केंद्राची राख भुसावळकडच्या लोकांनी वर्षानुवर्षं अंगावर, कपड्यांवर, पिकावर घेतली आहे. तिथे आता 660 मेगावॅटचा नवा संचही उभा राहिला. गॅसला राख नाही, कोळशाच्या मानाने कार्बन निम्म्याच्या आसपास, पाणीही कमी लागतं. आमच्या रावेर-यावलमध्ये जमिनीखालचं पाणी उपसून संपत आलंय, तापीचं पाणी जमिनीत मुरवायच्या मेगा रिचार्ज योजनेकडे सगळे डोळे लावून बसलेत. त्यामुळे पाण्याचा मुद्दा मला कळतो. सूर्य मावळला की सौर वीज बसते आणि नेमके तेव्हाच घरोघर कूलर, पंखे, टीव्ही सुरू होतात, हेही कळतं. कोळशाचा संच थंड पडला तर तापायला तास न् तास घेतो, गॅस टर्बाइन अर्ध्या तासात भाराला येतं. तुमच्या अभियंत्यांचं हे म्हणणं मला मान्य आहे. प्रश्न पुढचा आहे.

गॅस एमएमबीटीयू या उष्णतेच्या मापाने विकला जातो. एका एमएमबीटीयूत 2 लाख 52 हजार किलोकॅलरी. कम्बाइंड सायकलचा प्रकल्प, म्हणजे टर्बाइनमधून सुटलेल्या गरम हवेवर पुन्हा वाफ करून दुसरं टर्बाइन फिरवणारा, चांगला चालला तरी युनिटमागे दोन हजारांच्या आसपास किलोकॅलरी खातो. म्हणजे एका एमएमबीटीयूतून सव्वाशे युनिट. आयात केलेला गॅस 10 डॉलरला मिळाला असं धरू, डॉलर 85 रुपये. युनिटला नुसत्या इंधनाचे 6 रुपये 80 पैसे झाले. यात जहाजातून गॅस उतरवायच्या टर्मिनलचं भाडं, पाइपलाइनचा आकार, कर, प्रकल्पाच्या कर्जाचं व्याज, यातलं काही नाही. शिवाय तुम्ही तर म्हणता, प्रकल्प संध्याकाळच्या गर्दीसाठी. रोज तीन-चार तासांसाठी झटपट चालवायचा तर वाफेची जोड बाजूला राहते आणि नुसतं गॅस टर्बाइन फिरतं. मग त्याच गॅसमधून कसेबसे 90 युनिट निघतात आणि दर साडेनऊच्या घरात जातो.

हा झाला चांगल्या दिवसांचा हिशोब. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा आशियाच्या बाजारात हा गॅस 50 डॉलरच्या वर गेला होता. वरच्याच 85 रुपयांच्या डॉलरने युनिटला 34 रुपये होतात. त्या भावाच्या विजेवर थंड ठेवलेलं केळं कोण विकत घेणार? त्याच वर्षी आपल्या देशाशी दीर्घ मुदतीचा करार असलेल्या परदेशी पुरवठादाराने ठरलेली जहाजं पाठवली नाहीत आणि इथे गॅसचं रेशनिंग करावं लागलं. कागदावरचा करार म्हणजे टाकीतला गॅस नव्हे, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिलं.

तुलनेला सांगतो, याच राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या निविदांत युनिटला तीन रुपयांच्या आसपास दर आले आहेत. साक्रीजवळ 125 मेगावॅटचा सरकारी सौर प्रकल्प 2013 पासून आहे, ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. ऊन आणि वारा खान्देशात आहेच. ऊन तर मे महिन्यात नकोसं होईल इतकं आहे. दिवसाची वीज साठवून संध्याकाळी द्यायला बॅटरी किती पडते, पाणी वर चढवून रात्री खाली सोडणाऱ्या घाटघरसारख्या प्रकल्पाची वीज किती पडते, आणि गॅसची किती पडते, हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडून दाखवा. गॅस स्वस्त निघाला तर माझा विरोध तिथेच संपला.

आता दाभोळचा गॅसवरचा वीज प्रकल्प. तुम्हाला आठवण करून द्यायची गरज नसावी, पण पत्रक लिहिणाऱ्याला असावी. 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, 2001 मध्ये राज्य वीज मंडळाने न परवडणारी वीज घेणं थांबवलं, प्रकल्प बंद पडला. 2005 मध्ये नवी सरकारी कंपनी काढून त्याला रत्नागिरीचं नाव दिलं. तो पुन्हा चालला, पुढे देशी गॅसच्या भरवशावर राहिला आणि 2013 च्या सुमारास कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला गॅस आटल्यावर पुन्हा बसला. पुढचा भाग लोकांना फारसा माहीत नाही. देशी गॅस संपल्यावर प्रकल्पाने सांगितलं, महागड्या आयात गॅसवर आम्ही वीज द्यायला तयार आहोत, म्हणजे आम्ही 'उपलब्ध' आहोत, तेव्हा प्रकल्प तयार ठेवल्याचा स्थिर आकार द्या. राज्यातल्या वितरण कंपनीने नकार दिला. प्रकरण केंद्रीय वीज नियामक आयोग, अपिलीय न्यायाधिकरण असं करत सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर 2023 मध्ये वितरण कंपनीचं अपील फेटाळलं गेलं. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार द्यावा लागतो, कारण करारात तसं होतं.

उरणचा प्रकल्प तर आपल्याच राज्याचा, 672 मेगावॅटचा, मुंबई हायच्या गॅसच्या तोंडाशी. तोही गॅस पुरेसा नाही म्हणून वर्षानुवर्षं अर्धवट चालतो. 2024 मध्ये देशभरात सुमारे 25 हजार मेगावॅटचे गॅस प्रकल्प उभे होते आणि त्यातले बरेचसे वर्षाचा बहुतेक काळ झोपलेले असत. संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीला 2019 मध्ये यावर वेगळा अहवाल द्यावा लागला. समुद्रकाठी ही गत, तर तापीकाठी काय होईल? आमच्याकडे गॅस आणायचा म्हणजे बहुधा गुजरातेत दहेज-हजिऱ्याला जहाजातून उतरवून, पाइपलाइनने नवापूर-साक्रीकडून आणायचा. ती पाइपलाइन कोणाच्या शेतातून जाणार, तेही पत्रकात नाही. जमिनीच्या मोबदल्यासाठी विखरणचे धर्मा पाटील जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात गेले आणि तिथे त्यांनी विष घेतलं. ती जमीन वीज प्रकल्पासाठीच घेतलेली होती. खान्देशात हे कोणी विसरलेलं नाही.

आता माझ्या बिलाकडे या. झेरॉक्स जोडली आहे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि त्याखाली इंधन समायोजन आकार. मग या सगळ्यावर वीज शुल्क. त्या चौथ्या ओळीला मी पेनाने गोल केला आहे. कोळसा महागला, बाहेरून वीज घ्यावी लागली, की ही ओळ वाढते. त्यासाठी दर महिन्याला सुनावणी होत नाही, बिल येतं तेव्हाच कळतं. उद्या गॅस महागला तर तो याच ओळीतून माझ्या घरात येणार. आणि गॅस मिळालाच नाही तर प्रकल्पाचा स्थिर खर्च पंचवीस वर्षं वीज आकारात मिसळून येत राहणार, जिथे मला तो पेनाने गोल करूनही दाखवता येणार नाही. दुकानदाराने रिकाम्या गोदामाचं भाडं गिऱ्हाइकाच्या पिशवीत मोजून घालावं, तसला हा प्रकार आहे. कंपनीला मात्र गुंतवणुकीवरचा ठरलेला परतावा दोन्ही वेळा मिळणार.

पत्रकातल्या 'अखंड वीज' या शब्दांबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेंबरमध्ये कच्चा माल क्रेटमध्ये लावला, इथिलीन सोडलं, की चार-पाच दिवस तापमान अठरा अंशांच्या आसपास धरून ठेवावं लागतं. पिकायला लागलेली केळी स्वतःच गरम होतात. थंड हवा थांबली की आतली ऊब चढते. मागच्या उन्हाळ्यात ऐन हंगामात संध्याकाळी वीज गेली. उपकेंद्रात वीज होती, पलीकडच्या गावात होती, आमच्या फीडरवर, म्हणजे गावाला वीज आणणाऱ्या वाहिनीवर, जंपर (तारा जोडणारा तुकडा) जळाला होता. लाइनमन एकच, त्याच्याकडे गावं कितीतरी, आणि शिडीसुद्धा दुसऱ्याकडून मागून आणलेली. बिचाऱ्याचा दोष नाही. जनरेटरचं डिझेल मध्यरात्री संपलं. पहाटे केळ्याच्या गरात थर्मामीटर खुपसला तर काटा 23 वर. वरच्या क्रेटमधल्या फण्या पिवळ्या होऊन देठाशी मऊ पडल्या, खालच्या अजून हिरव्या. असा दुरंगी माल व्यापारी हातात धरत नाही. पडेल भावाने काढावा लागला.

त्या रात्री राज्यात वीज कमी नव्हती. कमी होती ती तार, शिडी आणि माणूस. शेतातही तेच. आठवडा दिवसपाळीचा, आठवडा रात्रपाळीचा. रात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचं, बिबट्याची धास्ती वेगळीच. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली की ऑइल नाही, डीपी शिल्लक नाही, गाडी नाही, शेवटी शेतकऱ्यांनीच वर्गणी काढून ट्रॅक्टरने डीपी वाहायची. दाब कमी आला की मोटार जळते आणि रिवाइंडिंगचं बिल इंधन समायोजनात धरलं जात नाही, ते आम्हीच भरतो. गॅसचा प्रकल्प झाला तर यातला कोणता जंपर जळायचा थांबेल, हे तुमच्या अभियंत्यांनी मला समोर बसवून सांगावं. मी चहा पाजीन.

म्हणून लेखी उत्तरात पुढील गोष्टी स्पष्ट याव्यात अशी मागणी करतो. प्रस्तावित प्रकल्पाचा गॅस देशी की आयात, करार झाला आहे की नाही, आणि झाला असेल तर किमतीचं सूत्र काय. गॅस ठरावीक दरापेक्षा महाग झाला तर वरचा बोजा इंधन समायोजनातून ग्राहकावर न टाकता कंपनीने सोसावा, अशी अट वीज खरेदी करारात घालणार की नाही. ग्राहकांना न परवडणाऱ्या गॅसवर प्रकल्प 'उपलब्ध' दाखवून स्थिर आकार घेतला जाणार नाही, असं कलम त्यात असणार की नाही. हे कलम नसेल तर प्रकल्प करूच नये, एवढं माझं स्पष्ट मत आहे. बाकी मुद्द्यांवर मी ऐकून घ्यायला तयार आहे, या एका मुद्द्यावर नाही.

पर्यावरण परवानगीसाठी जनसुनावणी घ्यावी लागेल. 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे तिची किमान 30 दिवस आधी स्थानिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात द्यावी लागते आणि पर्यावरणावरच्या परिणामांच्या अहवालाचा सारांश मराठीत ठेवावा लागतो. तो सारांश जिल्ह्याच्या ठिकाणी एका कपाटात न ठेवता प्रत्येक बाधित ग्रामपंचायतीत लावावा. सुनावणी केळीच्या कापणीच्या धामधुमीत ठेवू नये. माणसं येत नाहीत आणि मग 'कोणाची हरकत नाही' असं इतिवृत्तात लिहिलं जातं.

समाधानकारक उत्तर न आल्यास दरवाढीच्या प्रस्तावावर राज्य वीज नियामक आयोगापुढे होणाऱ्या सुनावणीत मी हाच कागद हरकत म्हणून दाखल करीन. वीज कायदा 2003 च्या कलम 64 ने तो हक्क मला आहे, आणि आमच्या भागातले केळी उत्पादक व चेंबरवाले सोबत येणार आहेत.

उत्तर मराठीत द्यावं. आमच्या फीडरवरची जुनी तार बदलण्याचं काम कोणत्या महिन्यात सुरू होणार, तेही त्याच पत्रात कळवावं.

आपला,
एक नियमित बिल भरणारा ग्राहक
(केळी उत्पादक व रायपनिंग चेंबरचालक)
तालुका रावेर, जिल्हा जळगाव