‘प्रत्यक्ष वाद्यवृंदासह’ म्हणून विकलेल्या नटक्रॅकर बॅलेबाबत तक्रार

दिनांक : १४ जानेवारी २०२५
नाशिक

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : नाताळ विशेष इंग्लंड सहलीत जाहीर केलेल्या कार्यक्रमाऐवजी ध्वनिमुद्रित संगीतावरचा प्रयोग दाखवल्याबाबत आणि त्यासाठी घेतलेल्या जादा शुल्काच्या परताव्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीच्या नाताळ विशेष इंग्लंड सहलीत मी, माझे पती आणि सासूबाई असे तिघे सहभागी झालो होतो. विमान, हॉटेल, जेवण किंवा सोबत आलेले सहल व्यवस्थापक यांच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. थंडीने सासूबाईंचे गुडघे धरले तेव्हा त्या व्यवस्थापकांनी केलेल्या धावपळीबद्दल तर आभारच मानायला हवेत. माझी तक्रार एका संध्याकाळपुरती आहे, परंतु ही सहल आम्ही त्याच संध्याकाळसाठी निवडली होती.

आपल्या माहितीपत्रकात ‘लंडनमध्ये प्रत्यक्ष वाद्यवृंदासह नटक्रॅकर बॅले’ (रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या संगीतावरचे नृत्यनाट्य) असे ठळक छापले असून त्यासाठी मूळ सहलशुल्काव्यतिरिक्त प्रत्येकी १६,५०० रुपये आकारले गेले. प्रत्यक्षात आम्हाला लंडनबाहेर, बसने तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका नाट्यगृहात नेण्यात आले. तेथे एका फिरत्या नृत्यसंस्थेचा प्रयोग होता आणि संगीत संपूर्णपणे ध्वनिमुद्रित होते. सासूबाईंची हयात संगीत नाटके पाहण्यात गेली आहे. पडदा उघडण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “वादक कुठे बसलेत?” सहल व्यवस्थापकांकडे त्याचे उत्तर नव्हते.

त्या नाट्यगृहाला किंवा नृत्यसंस्थेला मी दोष देत नाही. तेथे विकत घेतलेल्या कार्यक्रमपुस्तिकेत, तसेच नाट्यगृहाच्या तिकीटविक्रीच्या पानावरही, संगीत ध्वनिमुद्रित असल्याचे स्पष्ट लिहिलेले आहे. तिकिटे आपल्या कार्यालयाने सप्टेंबरमध्ये काढली होती, हे तिकिटांवरील तारखेवरून दिसते. आम्हाला नोव्हेंबरमध्ये मिळालेल्या अंतिम कार्यक्रमपत्रिकेत मात्र ‘प्रत्यक्ष वाद्यवृंदासह’ हे शब्द जसेच्या तसे होते. त्यामुळे ‘अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमात बदल करण्याचा अधिकार’ या अटीचा आधार आपल्याला घेता येणार नाही, कारण ऐन वेळी काही बदललेच नव्हते. वाद्यवृंदासह प्रयोग लंडनमध्ये उपलब्ध नव्हता असेही म्हणता येणार नाही. इंग्लिश नॅशनल बॅले ही संस्था नाताळच्या हंगामात कोलिझियम नाट्यगृहात हाच बॅले स्वतःच्या फिलहार्मोनिक वाद्यवृंदासह सादर करते.

माझ्या तोंडी तक्रारीवर आपल्या प्रतिनिधींनी ई-मेलने कळवले की “नृत्य तेच होते, संगीतही चायकोव्हस्कीचेच होते, त्यामुळे ग्राहकाच्या अनुभवात फरक पडलेला नाही.” हे विधान मला पैशांपेक्षाही अधिक आक्षेपार्ह वाटते, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते.

१८९२ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात हा बॅले पहिल्यांदा झाला तेव्हा त्यातले एक वाद्य श्रोत्यांना जवळजवळ अपरिचित होते. सेलेस्टा हे पॅरिसमध्ये तयार झालेले, पियानोसारख्या पट्ट्यांचे पण घंटेसारख्या नादाचे वाद्य चायकोव्हस्कीने मुद्दाम मागवले आणि दुसऱ्या संगीतकारांना, विशेषतः रिम्स्की-कोर्साकोव्ह व ग्लाझुनोव्ह यांना, त्याचा सुगावा लागू नये अशी ताकीद आपल्या प्रकाशकाला दिली. या बॅलेतील शुगर प्लम परीच्या नृत्यात हा नाजूक नाद आणि त्याला खालच्या स्वरात उत्तर देणारा बास क्लॅरिनेट हे फुंकवाद्य ऐकू येते. सुरुवातीच्या छोट्या ओव्हर्चरमध्ये, म्हणजे नांदीसारख्या वाद्यसंगीतात, तर संगीतकाराने चेलो आणि डबल बास या खर्जातल्या तंतुवाद्यांना गप्पच ठेवले आहे, जेणेकरून सगळा आवाज हलका, लहान मुलांच्या जगाला शोभेल असा व्हावा. त्या सभागृहातील ध्वनिवर्धकांतून येणाऱ्या घुमणाऱ्या आवाजात हा हलकेपणा शोधूनही सापडत नव्हता. हिमकणांच्या वॉल्ट्झ नृत्यात मुलांचे शब्दविरहित समूहगान आहे. वाद्यवृंदाच्या वर तरंगत येणारे ते आवाज प्रत्यक्ष ऐकावेत ही माझी फार वर्षांची इच्छा होती. त्या आवाजांची करकर झालेली आम्ही ऐकली.

याहून महत्त्वाची गोष्ट लयीची आहे. वाद्यवृंदाच्या संचालकाची नजर रंगमंचावर असते. नर्तकी पायाच्या टोकावर तोल धरून उभी असेल तर तो क्षणभर थांबतो, नर्तकाची उडी उंच जात असेल तर ती पुरी होऊ देतो. ध्वनिमुद्रण कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्या अंकातील युगुलनृत्यात त्या तरुण नर्तकीने तोल सुरेख धरला होता, पण संगीत पुढे निघून गेले आणि तिला घाईने पाय खाली घ्यावा लागला. त्यात तिचा काहीच दोष नव्हता. बालगंधर्वांचे पद तिरखवाँसाहेबांच्या तबल्याऐवजी आधीच भरून ठेवलेल्या ठेक्यावर ऐकवले असते आणि ‘पद तेच, ताल तोच’ असे सांगितले असते, तर आपल्याच आजोबांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील कलम २(२८) नुसार सेवेचे खोटे वर्णन करणारी जाहिरात ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते, तर कबूल केलेल्या सेवेतील उणीव ही कलम २(११) नुसार सेवेतील त्रुटी ठरते. ‘प्रत्यक्ष वाद्यवृंदासह’ हे शब्द आपणच छापले आणि त्यांचे पैसे आपणच घेतले. म्हणून तिघांचे मिळून ४९,५०० रुपये जादा शुल्क पूर्णपणे परत करावे, अशी माझी मागणी आहे. पुढील सहलीवर सवलत देण्याचा प्रस्ताव आपल्या प्रतिनिधींनी मांडला होता, तो मला मान्य नाही. तसेच पुढच्या नाताळच्या सहलीचे जे पत्रक सध्या आपल्या संकेतस्थळावर आहे, त्यातही हेच शब्द आणि त्याच नाट्यगृहाचे छायाचित्र आहे. नोंदणी सुरू असतानाच ते दुरुस्त करावे आणि आमच्यासोबत आलेल्या अन्य प्रवाशांनाही वस्तुस्थिती लेखी कळवावी.

हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी उत्तर व परतावा न मिळाल्यास मी नाशिक येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करीन. तक्रारदार जेथे राहतो तेथे तक्रार करण्याची मुभा कलम ३४ मध्ये असल्याने त्यासाठी मला मुंबईस यावे लागणार नाही.

आपली विश्वासू,
(सही)

सोबत : माहितीपत्रकाची व अंतिम कार्यक्रमपत्रिकेची प्रत, जादा शुल्काची पावती, तिकिटांच्या छायाप्रती, नाट्यगृहाच्या कार्यक्रमपुस्तिकेतील संबंधित पान, आपल्या प्रतिनिधींचा ई-मेल.